शेऱ्याचा रकाना

आमच्या यवतमाळात एखादी वस्तू खरेदी करावयाची झाली, म्हणजे ती चांगली कोणती याचा विचार होण्यापूर्वी ती आधी कोणाकडे आहे याची चौकशी होते. आणि ही चौकशी पुरी होईपर्यंत त्या वस्तूची गरज बहुधा संपलेली असते. या रीतीविरुद्ध माझी काही तक्रार नाही. परंतु ज्या इसमाने आयुष्याची चौतीस वर्षे महसूल खात्यात, आणि त्यांतील अखेरची अकरा अव्वल कारकुनाच्या खुर्चीवर काढली आहेत, त्याच्या हातून तीन दरपत्रके आणि एक तुलनात्मक तक्ता यांवाचून घरात सुतळीचा तोडासुद्धा येत नाही. सबब, राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथी महोत्सवापूर्वी मंडळाची बारा भजने ध्वनिमुद्रित करून पुण्याबंगळुराकडे पांगलेल्या नातवंडांना पाठवावी असा ठराव आमच्या भजनी मंडळाने एकमताने संमत केला, आणि त्यासाठी संगणकावर जे सॉफ्टवेअर लागते ते ‘चौकशीअंती’ निवडण्याचे काम माझ्या गळ्यात घातले, तेव्हा मला खेद झाला नाही. निवृत्तीनंतर सहा वर्षांनी कोणी मला तक्ता आखावयास सांगितले होते.

प्रारंभीच एक घोटाळा झाला. संगीतनिर्मितीच्या या सॉफ्टवेअरांना जाणकार मंडळी इंग्रजी आद्याक्षरे जोडून ‘डॉ’ असे म्हणतात. मी इतिवृत्तात शिरस्त्याप्रमाणे ‘निरनिराळ्या डॉ. विषयी माहिती मागविण्यात आली’ असे लिहिले, ते वाचून आमचे मृदंगवादक गुरुजी, ज्यांचे वय पंचाहत्तरीपुढे असून ज्यांच्या गुडघ्यांविषयी मंडळात नित्य चिंता व्यक्त होते, सद्गदित झाले आणि म्हणाले, “एवढा खर्च काहून करून राह्यले बाप्पा माह्यासाठी? एकच डॉक्टर पुरे आहे मले.”

तक्त्यात मी आठ रकाने आखले होते: अनुक्रमांक, नाव, निर्मात्याचा मुलूख, जन्मसाल, किंमत, नमुन्यादाखल वापरण्याची मुदत, विशेष गुण आणि शेरा. पैकी शेऱ्याचा रकाना मी, अनुभवी कारकून ठेवतो तसा, अरुंद ठेवला होता. पुढे जे झाले ते त्या एका चुकीमुळे.

पहिले दरपत्रक भाच्याने तोंडीच दिले. हा भाचा आर्णी नाक्याकडे राहतो, आणि दिवसा जे काही करतो ते करून नवरात्रात डीजे चालवितो. यवतमाळचा दुर्गोत्सव ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वाक्य समजावून सांगावे लागणार नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की नऊ दिवस आमच्या गावात माणसे एकमेकांशी खुणांनी बोलतात. “मामाजी,” भाचा म्हणाला, “एफएल घ्या. दुसरं काही पाहूच नका. आपल्या इकडं समदे डीजे एफएलवरच करून राह्यले.” चौकशी करता असे निष्पन्न झाले, की बेल्जम देशातील इमेज-लाइन नामक कंपनीचे हे अपत्य विसाव्या शतकाच्या अखेरीस ‘फ्रूटीलूप्स’ या बाळबोध नावाने जन्मास आले, पुढे वयात आल्यावर त्याने आपले नाव भारदस्त करून घेतले, आणि एकदा विकत घेतल्यास पुढील सर्व आवृत्त्या आजन्म विनामूल्य देण्याचा त्या कंपनीचा दस्तूर आहे. हा दस्तूर मला फार आवडला. निवृत्तिवेतनाखेरीज आजन्म असे काही मिळते हे मी प्रथमच ऐकत होतो. नमुन्याच्या आवृत्तीत मात्र अशी मेख आहे, की आपण केलेले काम जतन करता येते, पण एकदा मिटले की खरेदी केल्यावाचून पुन्हा उघडता येत नाही. हे वाचून मला माझ्या नोकरीतल्या एका अभिलेख कक्षाची तीव्रतेने आठवण झाली. तेथेही कागद आत जात असे.

शिवाय, नव्याण्णव डॉलरची जी सर्वांत स्वस्त प्रत, तिच्यात ठेके रचता येतात, सूर मांडता येतात, पण माणसाचा आवाज मुद्रित करता येत नाही. हे मी भाच्याच्या निदर्शनास आणले. तो क्षणभर बुचकळ्यात पडला. “माह्यात तं होते रेकॉर्डिंग,” तो म्हणाला. “तू केवढ्याचे घेतलेस?” “घेतलं नाई मामाजी, टाकलं. क्रॅक आहे.” मी लेखणी खाली ठेवली. आमच्या जिल्ह्यात, मान्यता नसलेले, तणनाशक पचविणारे जे कपाशीचे बियाणे मृगाच्या सुमारास रात्री मोटारसायकलीवरून गावोगाव पोहोचते आणि ज्याची पावती कोणी देत नाही व कोणी मागतही नाही, त्यास ‘चोरबीटी’ म्हणतात. मी शेऱ्याच्या रकान्यात ‘चोरबीटी’ असा शब्द लिहिला, आणि भाच्याची कैफियत तूर्त बाजूस ठेवली.

दुसरे दरपत्रक जावईबापूंचे. ते हिंजवडीस संगणकाच्याच धंद्यात असल्याने, आणि शिवाय जावई असल्याने, त्यांचे मत हे मत नसून निर्णय असतो. “लॉजिकशिवाय दुसरं काही घेऊ नका, बाबा,” त्यांनी फोनवरून सांगितले. लॉजिक हे मूळचे जर्मनीतील एमॅजिक कंपनीचे; २००२ साली अ‍ॅपलने ती कंपनीच विकत घेतली आणि विंडोजवाल्यांना या घराचे दार लावून टाकले. किंमत एकशे नव्याण्णव डॉलर, आणि तीत वाद्यांचे इतके मोठे भांडार मिळते, की दर वाजवी म्हणावा लागेल. परंतु ते चालविण्यास अ‍ॅपलचाच संगणक लागतो, आणि त्याची किंमत मी जेव्हा मंडळाच्या हिशेबनिसांना सांगितली, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि विचारले, “याच्यात म्हशी किती येतात?” मी शेऱ्यात ‘वस्तू उत्तम, सरबराई न परवडणारी’ असे लिहिले, आणि जावयांच्या नावापुढे असा मजकूर शोभत नाही म्हणून पुन्हा खोडले.

पुण्यास शिकणाऱ्या पुतणीने एबलटन लाइव्ह सुचविले. बर्लिनच्या, स्वतः मैफली करणाऱ्या कलावंत मंडळींनी २००१ साली बाजारात आणलेले हे सॉफ्टवेअर रंगमंचावर, श्रोत्यांसमोर, गाण्याचे तुकडे हवे तसे पुढेमागे करून वाजविण्यासाठी घडविले आहे. ही कल्पना मला मोठी मोहक वाटली. आमच्या मंडळातही एकाच अभंगाचे निरनिराळे तुकडे निरनिराळे सभासद एकाच वेळी म्हणतात, फक्त आमच्याकडे ते हेतुपुरस्सर होत नाही. पण त्याच्या प्राथमिक आवृत्तीत सोळाच पट्ट्या, म्हणजे ट्रॅक, मिळतात, आणि आमचे मंडळ टाळकरी धरून सतरा जणांचे. सर्वांना दोनच माइकांसमोर बसावयाचे आहे, तेव्हा पट्ट्यांची मोजदाद व्यर्थ आहे, हे मी परोपरीने सांगितले. परंतु सतरावा कोण, हा प्रश्न एकदा सभेत उपस्थित झाल्यावर तो मिटविणे माझ्या अधिकाराबाहेरचे होते. दोघे टाळकरी आठवडाभर आले नाहीत.

नागपूरच्या एका परिचित ध्वनिमुद्रकांनी क्युबेसची शिफारस केली. हे या सर्वांतील वयोवृद्ध घराणे: हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९८९ साली अटारी संगणकासाठी ते काढले, आज ती कंपनी जपानच्या यामाहाच्या पदरी आहे, आणि २०२२ सालापर्यंत या सॉफ्टवेअरसोबत बोटाएवढी एक किल्ली संगणकाला खोचून ठेवावी लागे, जी हरवली तर लाखमोलाचे काम कुलूपबंद होई. लोक या किल्लीला शिव्या देत. मला ती गेल्याचे दुःख झाले. मोहोर, शिक्का, किल्ली अशी काहीतरी हातात धरावयाची वस्तू असल्याखेरीज मालकी सिद्ध होते यावर माझा अद्याप विश्वास बसत नाही. प्रो टूल्सचे नाव मुंबईच्या बाजूने आले होते, पण त्याच्या खर्चाचा आकडा ऐकून मी ते अनुक्रमांक न देताच वगळले.

आणि मग रीपर आले.

रीपर हे जस्टिन फ्रँकेल नावाच्या गृहस्थाचे कर्तृत्व. हे नाव अनोळखी वाटले, तरी २००० सालाच्या आगेमागे ज्याने एखाद्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून गाणी ऐकली असतील, त्याने या गृहस्थाचे विनॅम्प खात्रीने वापरलेले आहे. त्याचे हे नंतरचे अपत्य आकाराने लहान, स्वभावाने काटक आणि जुन्या संगणकावरही कुरकुर न करता चालणारे. साठ दिवस संपूर्ण, कोणतेही अंग न कापता, वापरून पाहा. नंतर साठ डॉलर द्या. आणि न दिल्यास? न दिल्यास ते बंद पडत नाही. उघडतेवेळी एक चौकट येते, ती सांगते की मुदत संपली आहे, हे फुकट नाही, कृपया परवाना घ्यावा. दोनचार सेकंद तशीच उभी राहते, आणि मग मुकाट्याने वाट सोडते. जप्ती नाही, कुलूप नाही, नुसता तगादा! ज्याने थकबाकीदारांना नोटिसा लिहिण्यात तारुण्य घालविले, त्या माझ्या डोळ्यांत ही तरतूद वाचून पाणी उभे राहिले. त्याहून आश्चर्य पुढेच होते. साठ डॉलरचा हा सवलतीचा दर ज्यांचे या कामातले वार्षिक उत्पन्न वीस हजार डॉलरांपेक्षा अधिक नाही त्यांच्यासाठी आहे, इतरांना दोनशे पंचवीस. मी तत्काळ शोध घेतला, की उत्पन्नाचा दाखला कोणत्या नमुन्यात जोडावयाचा आणि तो कोणाच्या सहीचा लागतो. कोणाच्याही सहीचा लागत नाही. तो मनुष्य विचारतच नाही. आपले आपण समजावयाचे. असा कारभार चालतो तरी कसा, हे मला आजतागायत उमगलेले नाही.

ही वार्ता मी घरी आनंदाने सांगत असता शेजारचे पाटील ओट्यावर येऊन बसले होते. त्यांचे बाभुळगावकडे वीस एकर आहे. “काय घेऊन राह्यले, काकाजी?” “रीपर.” ते सावध झाले. “केवढ्याले?” “साठ डॉलर. म्हणजे पाच हजारांच्या आगेमागे.” पाटील उठून उभे राहिले. आमच्या भागात रीपर म्हणजे पीक कापणीचे यंत्र, त्याची किंमत त्यांना पाठ होती. “पाच हजारात रीपर? सोयाबीन कापते का गहूच?” मी म्हणालो, आवाज कापते, आणि कापलेला जोडतेही. पाटलांनी माझ्याकडे नुसते पाहिले आणि सौभाग्यवतींना विचारले, “काकाजीची तब्येत बरी आहे ना, काकू?”

गैरसमज दूर झाल्यावर पाटलांनी माझा तक्ता वाचावयास घेतला, आणि ज्या विषयातील एक अक्षरही त्यांना ठाऊक नव्हते त्यावर त्यांनी असे भाष्य केले, की माझी महिनाभराची मेहनत क्षणात उघडी पडली. “हे तं आपल्या पराटीच्या बियाण्यावानी झालं,” ते म्हणाले. जूनच्या पहिल्या आठवड्यात कृषी सेवा केंद्रासमोर उभे राहावे: भिंतभर पिशव्या, एकीवर पैलवान, दुसरीवर वाघ, तिसरीवर नटी, आणि प्रत्येक पिशवीच्या कोपऱ्यात तेच ‘बीजी-२’. २००२ साली बीटी कपाशीला देशात परवानगी मिळाली, चार वर्षांनी तिची दुसरी पिढी आली, आणि त्यानंतर जो तो तेच तत्त्व आपल्या पिशवीत भरू लागला. मग शेतकरी निवडतो कशावरून? शेजाऱ्याच्या शेतात गेल्या साली काय उभे होते त्यावरून. आणि शेजाऱ्याने ते कशावरून निवडले होते, तर त्याच्या शेजाऱ्यावरून.

पाटलांना ठाऊक नव्हते, पण हे दृष्टान्तापलीकडे खरे होते. १९८३ साली एकमेकांचे गळे धरणाऱ्या वाद्यनिर्मात्यांनी एकत्र बसून मिडी नावाची सामाईक भाषा ठरविली, आणि तेव्हापासून कोणत्याही कंपनीची कळपट्टी कोणत्याही संगणकाशी बोलते. १९९६ साली स्टाइनबर्गने वाद्ये व ध्वनिसंस्कार बाहेरून जोडण्याची व्हीएसटी नावाची युक्ती काढली आणि ती प्रतिस्पर्ध्यांनाही वापरू दिली. म्हणजे जी सतार क्युबेसमध्ये वाजते तीच रीपरमध्ये, तीच एफएलमध्ये आणि तीच एबलटनमध्ये वाजते. लॉजिक तेवढे व्हीएसटी स्वीकारीत नाही, त्याला आपले निराळे वाढून द्यावे लागते. पण जावई कोणत्या घरी सर्वांसोबत मुकाट्याने जेवतात? माझ्या ‘विशेष गुण’ या रकान्यात मी पाच घरी एकच मजकूर निरनिराळ्या शब्दांत लिहून ठेवला होता. फरक होता तो फक्त शेऱ्याच्या रकान्यात, आणि तेथे सॉफ्टवेअरविषयी काहीच नव्हते. भाचा, जावई, पुतणी आणि नागपूरचे गृहस्थ यांची हुबेहूब शब्दचित्रे होती.

तक्ता अनिर्णीत राहिला, तरी तालमी सुरू झाल्या. मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात माझ्या जुन्या संगणकावर, अजून मुदत आहे म्हणून, रीपर उघडले जाई, आणि भाचा, एफएलचा आपला स्वाभिमान गिळून, ते चालवी. येथे एक नवी गोष्ट कळली. यांतील बहुतेक सॉफ्टवेअरे उघडताच मिनिटाला एकशे वीस ठोके आणि चार मात्रांचे आवर्तन गृहीत धरून बसलेली असतात, आणि कानात टक् टक् असा एक ठोका सुरू होतो, त्याच्याशी गाणाऱ्याने प्रामाणिक राहावे अशी अपेक्षा असते. आमचे भजन बैलगाडीसारखे निघते आणि उतारावरच्या मालमोटारीसारखे पोहोचते. गुरुजींना ठोका ऐकविला. त्यांनी चार आवर्तने सोसला, मग कानातले यंत्र काढून म्हणाले, “हा मुलगा कोण आहे? याले म्हणा, आमच्या मागून ये.” भाच्याने ठोका बंद केला. तो कोणत्याही सॉफ्टवेअरात बंद करता येतो, हा तक्त्यात न आलेला सर्वांत मोठा गुण.

उशिराचाही प्रश्न निघाला. गायकाचा आवाज संगणकात शिरून कानात परत येईपर्यंत किंचित वेळ लोटतो. सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर नमुन्यांच्या हिशेबाने पाचशे बारा नमुने अडवून ठेवल्यास सुमारे साडेअकरा सहस्रांश सेकंद, आणि तेही एका बाजूने. भाचा यावर फार हळहळला. पण जिचे १९२१ साली मँचेस्टरला घडविलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत आपल्याच लयीत चालत राहिले ती मूर्तिजापूरची शकुंतला गाडी पकडून ज्या पिढीने लग्ने गाठली आहेत, तिला सहस्रांश सेकंदाची काय मातब्बरी! पेटीवाल्या काकांची तक्रार निराळी होती. त्यांची पेटी आजोबांची, आणि तिचा सूर संगणकाने प्रमाण मानलेल्या सुरापासून केसभर खाली. भाच्याने भीत भीत ऑटोट्यूनचे नाव काढले, जे पूर्वी ध्वनिलहरींच्या साहाय्याने भूगर्भातील तेलाचा माग काढणाऱ्या एका शास्त्रज्ञाने १९९७ साली आणले, आणि जे मींड दिसली की तिला अतिक्रमण समजून सरळ करून टाकते. काका म्हणाले, “१९४० साली रेडिओवाल्यांनी माह्या पेटीले तडीपार केलं होतं, सूर बराबर नाई म्हणून. तीस वर्सानं वापस घेतलं. तुह्या डब्ब्याले म्हणा, थांब तीस वर्स.”

अखेर मुहूर्ताचा दिवस उजाडला. पंखे बंद केले, कुत्री हाकलली, सतरा जण दोन माइकांसमोर मांडी घालून बसले, आणि भाच्याने रीपर उघडले. मध्येच ती चौकट येऊन उभी राहिली. मी तक्ता परिपूर्ण करण्याच्या नादात तारखांकडे पाहिले नव्हते. तो त्रेसष्टावा दिवस होता.

“काय म्हणते थे?” गुरुजींनी विचारले.

“काही नाई गुरुजी, दोन सेकंदात जाते.”

“पण म्हणते काय?”

भाच्याने सांगितले. मुदत संपली, फुकट नाही, पैसे द्यावे असे म्हणते, पण नाही दिले तरी चालते. सभामंडपात शांतता पसरली. गुरुजींनी मृदंगावरील हात काढून मांडीवर ठेवला. “म्हणजे उधारीचं आहे हे? आन् त्याच्यावर देवाचं नाव घ्याचं?” हिशेबनिसांनी ठराव, मंजुरी आणि पुढील सभा यांविषयी काही म्हणण्याचा यत्न केला, मीही माझ्या फाइलीकडे हात नेला, पण तोवर आरतीचे ताट फिरू लागले होते. माणशी साडेतीनशे निघाले. रुसलेले दोघे टाळकरी सर्वांत आधी देते झाले. भाच्याने स्वतःच्या कार्डाने डॉलर भरले, घटकाभरात परवान्याचा दस्त आला, उरलेल्या पैशांतून चिवड्याची सोय ठरली, आणि पुन्हा उघडल्यावर चौकट आली नाही. बारापैकी सात भजने त्या रात्री झाली, ती सगळी आरंभी होती त्याहून दुप्पट वेगाने संपली.

सामान आवरताना भाचा माझ्याजवळ रेंगाळला. तारा गुंडाळून झाल्या तरी गुंडाळीतच होता.

“मामाजी, थे एफएलचं नव्याण्णववालं... त्याच्यात रेकॉर्डिंग होत नाई म्हणे ना?”

“नाही.”

“मंग त्याच्या वरचं केवढ्याले अस्ते?”

मी पिशवीतून तक्ता काढला आणि चष्मा लावला.